पुउकाआ, हवाईचा दुर्मिळ लव्हाळा: बागेत लावण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हवाईतल्या ओआहू बेटावर राहते, आणि इथली मराठी मंडळी आणि तिकडे पुण्या-ठाण्यातले बागकामवाले असे दोन्हीकडून मला या एका झाडाबद्दल तेच तेच विचारलं जातं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीयत, काही दोन ओळीत संपलीयत, ज्याचं जेवढं होतं तेवढं लिहिलंय.

पुउकाआ म्हणजे नक्की काय? गवत आहे का?

गवत नाही, पण लांबून बघितलं तर गवतच वाटतं. हे लव्हाळ्याच्या कुळातलं, आणि नुसतं कुळातलं नाही तर आपल्या नागरमोथ्याच्याच वंशातलं (जीनस), म्हणजे सायपेरस. पूर्ण शास्त्रीय नाव सायपेरस ट्रॅकिसँथॉस. बहुवर्षायु आहे, दाट ठोंब करून वाढतं, दांडे साधारण 20 ते 45 सेंटीमीटर, म्हणजे गुडघ्याच्या खालीच. दांडा दोन बोटात धरून गोल फिरवला की तीन बाजू हाताला कळतात, गवताचा दांडा असा लागत नाही. टोकाला खाली छत्रीसारखी दोनचार पानं आणि त्यावर तुरे, वाळत आले की तपकिरी होतात.

याची खरी ओळख म्हणजे चिकटपणा. पानं जाड, चामड्यासारखी, आणि हात लावला की बोटांना काहीतरी लागल्यासारखं वाटतं, दांड्याच्या बुडाशी तर जास्तच. पहिल्यांदा हात लावणाऱ्याला वाटतं की यावर मावा पडलाय आणि त्याचा चिकटा आहे. नाही, झाडच तसं आहे. त्यामुळे रस्त्याकडेच्या बागेत धूळ बसते आणि मळकट दिसतं, हे आधीच सांगते, नंतर तक्रार नको.

जंगलात कुठे सापडतं?

फक्त हवाईत, जगात दुसरीकडे कुठेही नाही. नोंदी नीईहाऊ, काउआई, ओआहू, मोलोकाई आणि लानाई या बेटांवरच्या, त्यातल्या मोलोकाई आणि लानाईच्या जुन्या. डोंगरावरचं झाड नाही हे, समुद्रसपाटीपासून जेमतेम 3 मीटर ते 160 मीटर एवढ्याच उंचीत वाढतं. किनाऱ्याजवळचा चिखल, ओली चिकणमाती, कड्यातून पाणी झिरपतं तिथली ओलसर जागा, पावसात भरणारी आणि नंतर आटणारी तळी, अशा ठिकाणी.

युरोपियन लोकांच्या हातात हे 1826 च्या सुमारास आलं, बीची नावाच्या कॅप्टनचं ब्लॉसम जहाज होनोलुलूला आलं होतं, त्यावरच्या लोकांनी नमुने गोळा केले आणि हूकर आणि आर्नॉट या दोघांनी 1832 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. इथल्या लोकांना ते अर्थातच आधीपासून माहीत होतं, पुउकाआ हे नाव त्यांचंच.

एवढं दुर्मिळ का झालं? नाजूक आहे का फार?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यातच सगळी गडबड आहे. लोकांना वाटतं दुर्मिळ म्हणजे नखरेल, म्हणजे ऑर्किडसारखं जपावं लागणार. तर पुउकाआ अजिबात नाजूक नाही. बी पटकन रुजतं, कुंडीत वाढतं, ऊन सोसतं, थोडा खारेपणाही चालवून घेतं. ते कमी झालं कारण त्याची जागा गेली. सखल, सपाट, समुद्राजवळची ओली जमीन, आता सांगा हवाईसारख्या ठिकाणी अशी जमीन माणूस मोकळी सोडेल का.

वाइकीकी बघा. आज तिथे हॉटेलांची रांग आणि सगळी पर्यटक मंडळी दिसतात, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो सगळा पाणथळ भाग होता, डोंगरातून येणारे ओढे, अळूची खाचरं (हो, आपलंच अळू, इथे त्याला कालो म्हणतात आणि कंद मुख्य अन्न होतं), मत्स्यतळी, नंतर भातशेतीही. मग 1920 च्या दशकात आला वाई नावाचा कालवा खणला, ओढ्यांचं पाणी त्यात वळवलं, खणलेला गाळ पाणथळीवर टाकून जमीन कोरडी केली आणि त्यावर शहर उभं राहिलं. काउआईच्या पश्चिमेला माना नावाचं मोठं पाणथळ मैदान होतं, ते उसासाठी निचरा करून संपवलं. ओआहूच्या पूर्व टोकाला मावनालुआचं भलंमोठं मत्स्यतळं होतं, 1960 च्या आसपास तिथे गाळ उपसून मरीना आणि घरं झाली. अशी एकेक जागा गेली, आणि त्या जागेबरोबर तिथलं सगळंच गेलं.

उरलेल्या जागेत बाहेरून आलेल्या झाडांनी गर्दी केली, आणि ही यादी वाचून मराठी माणसाला जरा ओशाळल्यासारखं होतं. एक आहे सुबाभूळ. मूळची मेक्सिकोकडची, इथे तिला कोआ हाओले म्हणतात आणि सगळ्या कोरड्या उतारांवर तीच दिसते. आपल्याकडे 1970 च्या दशकापासून उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी सुबाभूळ पसरवली तेव्हा त्यातली गाजलेली जात 'हवाईयन जायंट' होती, हवाईच्या विद्यापीठात निवडलेली, म्हणजे हे येणंजाणं जुनंच आहे. दुसरं पॅरा गवत, जे आपल्याकडे नाल्याच्या पाण्यावर गुरांसाठी लावतात, ते इथे पाणथळीत माणूसभर उंच होऊन सगळं गिळतं. तिसरं झुडूप तर इथे इंडियन फ्लीबेन म्हणूनच ओळखलं जातं, आपल्या खाडीकाठचं. त्यात रानडुकरं, बकऱ्या, आणि किनाऱ्याच्या चिखलात मजा म्हणून जीप आणि क्वाड बाईक घालणारी पोरं.

मुंबईकरांसाठी अजून एक धक्का देते. इथे खारफुटी उपटून काढतात. हवाईत मूळची खारफुटी नव्हतीच, 1902 मध्ये मोलोकाईवर गाळ थांबवायला लावली आणि ती पसरत गेली, आता पाणपक्ष्यांच्या मोकळ्या चिखलजागा आणि जुनी मत्स्यतळी वाचवायला ती काढावी लागते. मला पहिल्यांदा बघताना कसंतरीच झालं होतं, आपण तिकडे खारफुटीसाठी मोर्चे काढतो.

सरकारी दर्जा काय आहे?

10 ऑक्टोबर 1996 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली 'एन्डेंजर्ड'. हवाई राज्याच्या यादीतही आहे. एकट्या हवाईतल्या 400 पेक्षा जास्त वनस्पती केंद्राच्या या यादीत आहेत, म्हणजे पुउकाआला इथे सोबतीची कमी नाही.

मग घरी लावणं कायदेशीर आहे का? पकडतील का मला?

नर्सरीतून रीतसर घेतलेलं असेल तर बिनधास्त लावा. हवाईत संकटग्रस्त झाडं वाढवून विकायला नर्सरीला राज्याच्या वनविभागाचं लायसन्स लागतं आणि अशा झाडाला टॅग लावून विकतात, म्हणजे हे रानातून उपटलेलं नाही, वाढवलेलं आहे याचा पुरावा. टॅग फेकू नका, कुंडीत खोचून ठेवा नाहीतर ड्रॉवरमध्ये ठेवा.

जे चालत नाही ते असं: रानातून रोप उपटणं, फांदी तोडणं, बी गोळा करणं, हे परवान्याशिवाय नाही म्हणजे नाही. "तिथे तर वाळूनच जाणार होतं" हे कारण चालत नाही. आणि हवाईबाहेर दुसऱ्या राज्यात विकायला केंद्राचा वेगळा परवाना लागतो, देशाबाहेर न्यायलाही लागतो. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणींनो, सॉरी, ऑनलाइन मागवू नका आणि कोणी पाठवतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा.

ताई, पुण्याला येताना थोडं बी आणाल का?

नाही आणणार. वर सांगितलेले परवाने सोडा, भारतात बी आणायला प्लांट क्वारंटाइनचे नियम आहेत, इम्पोर्ट परमिट लागतं, आणि होनोलुलू विमानतळावर शेतीखात्याची तपासणी होते ती वेगळीच. पण हे सगळं नसतं तरी नसतं आणलं. कारण ज्या सायपेरस वंशातल्या नागरमोथ्याने आपल्या गावी उच्छाद मांडलाय त्याच वंशातलं अजून एक परदेशी झाड मुद्दाम नेऊन मुळा-मुठेच्या काठी सोडायचं, हे मला पटत नाही. पुण्यात कुंडभर पाण्याची बाग करायची असेल तर वेखंड लावा, कुमुदिनी लावा, ओढ्याकाठचे आपले लव्हाळे आधी ओळखायला शिका, कितीतरी प्रकार आहेत आणि आपण सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो.

आमच्याकडे लव्हाळा काढता काढता शेतकऱ्याची कंबर मोडते, आणि तुम्ही तो विकत घेऊन लावता?

हा प्रश्न माझ्या काकांचा, पण कुठल्याही शेतकरी घरातून हाच येणार. हराळी आणि लव्हाळा, दोन्ही एकदा शेतात घुसले की पिढ्या जातात. खरंय. पण तो नागरमोथा, त्याला जमिनीखाली गाठी असतात, एक गाठ दुसऱ्या गाठीला दोऱ्याने जोडलेली, वरचं उपटलं की खालची माळ तशीच राहते आणि आठवड्यात परत कोंब. तोच नागरमोथा हवाईतल्या लॉनमध्येही आहे, आणि इथलेही लोक तितकेच वैतागलेत.

पुउकाआला अशा गाठींची माळ नसते. आखूड मूळखोड, त्यामुळे ठोंब जागच्या जागी जाड होत जातो, धावत नाही. बी पडून आजूबाजूच्या ओल्या जागी नवीन रोपं येऊ शकतात, ती हाताने सहज निघतात, आणि खरं सांगू तर काढायला जीव होत नाही, छोट्या कुंडीत घालून कोणालातरी देते.

बी कसं रुजवायचं?

सोपं आहे. तुरे पूर्ण तपकिरी झाले आणि हाताने चोळल्यावर दाणे सुटायला लागले की कागदावर झाडून घ्या. दाणे बारीक, तीन धारांचे, मातीत खोल पुरायचे नाहीत. पसरट कुंडीत बारीक माती नाहीतर तयार मिक्स, वरून दाणे भुरभुरायचे, हलकेच दाबायचे, आणि कुंडी पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची म्हणजे ओल खालून येत राहते. वरून झारीने पाणी घातलं तर सगळे दाणे एका कोपऱ्यात जाऊन बसतात. उजेड भरपूर. रोपं सुरुवातीला केसासारखी बारीक दिसतात, लॉनचं गवत समजून उपटू नका, बोटभर झाली की वेगळी करा.

उरलेलं बी कोरडं करून कागदाच्या पाकिटात, ते डब्यात, आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये टाकू नका. पाकिटावर कुठल्या बेटाचं झाड ते लिहा, हे का ते खाली येतंय.

ठोंब फोडून चालतो का?

चालतो. पावसाळा सुरू होताना फोडा, प्रत्येक तुकड्याला मुळं आणि निदान तीनचार कोंब हवेत, पानं अर्ध्यावर कापा, आणि महिनाभर पाण्यात उभी असलेली कुंडी सावलीला नको पण दुपारच्या रणरणत्या उन्हातही नको.

पावसाळा म्हणजे कुठला? इथे तर डिसेंबरमध्ये पाऊस पडतो.

बरोबर पकडलंत, आणि हाच मुद्दा नवीन आलेल्या मराठी माणसाला चकवतो. होनोलुलू अक्षांशाने जवळजवळ नागपूरच्या रेषेत आहे, म्हणून वाटतं हवामान ओळखीचं असणार. पण इथे मान्सून नाही. पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च, उन्हाळा कोरडा, आणि बेटाची वाऱ्याकडची बाजू भिजत असताना दुसरी बाजू, म्हणजे होनोलुलू, हवाई काई, वाइआनाए, तहानलेली. पुउकाआ मुळात असल्याच सखल, कोरड्या बाजूच्या पण हिवाळ्यात पाणी साचणाऱ्या जागांचं झाड आहे. नीईहाऊवरची त्याची तळी पावसात भरतात आणि नंतर आटून भेगा पडतात.

म्हणजे आपल्या डोक्यातलं कॅलेंडर उलटं करायचं. लावणी, ठोंब फोडणं, खत, सगळं दिवाळीनंतर. मे ते सप्टेंबर फक्त पाणी देत राहायचं. उन्हाळ्यात पानं पिवळी पडली, ठोंब अर्धा वाळला, तर लगेच मेलं म्हणून फेकू नका, पाणी वाढवा, वाळकं कापा, कोंब येतो का वाट बघा.

जागा, माती, पाणी, खत, एका दमात सांगा.

पूर्ण ऊन. माती भारी चालते, चिकणमाती तर आवडतेच, इथले लोक कुंडीत काळा सिंडर म्हणजे ज्वालामुखीचे खडे घालतात निचऱ्यासाठी, पण या झाडाला निचऱ्याचं एवढं कौतुक नाही, उलट ओल टिकली पाहिजे. कुंडी पाण्याच्या टबमध्ये दोनतीन इंच बुडवून ठेवली की निम्मं काम संपलं. बागेत लावायचं असेल तर एसीचं पाणी टपकतं ती जागा, छताचं पाणी उतरतं ती जागा, नळाखालची जागा, जिथे बाकीची झाडं कुजतात तिथे हे खूष. खत अगदी हलकं. जास्त नायट्रोजन दिलं की पानं लांब होतात, लोळतात आणि ठोंब विस्कटतो. किडीत मावा आणि पिठ्या ढेकूण दिसतात, पाण्याचा जोरात फवारा बहुतेकदा पुरतो.

पाणी साठवलं की डास होणार ना?

होणार, आणि हवाईत हा नुसता खाजेचा विषय नाही. या बेटांवर मुळात डासच नव्हते. 1826 मध्ये वेलिंग्टन नावाच्या जहाजाने माउईवर लाहाइना इथे पाण्याच्या पिंपातून ते आणले असं मानतात, आणि त्यांच्यामुळे पुढे पक्ष्यांचा मलेरिया पसरला, त्याने इथले जंगलातले छोटे मधुरस पिणारे पक्षी एकामागून एक संपवले, उरलेले आता डोंगरावर थंड हवेत, जिथे डास पोचत नाही तिथे कसेबसे तग धरून आहेत. त्यामुळे टब ठेवायचा तर डास होऊ द्यायचे नाहीत, हे शेजाऱ्यांसाठी आहे तितकंच त्या पक्ष्यांसाठीही.

बीटीआय नावाच्या जिवाणूची वडी मिळते, दुकानात डंक म्हणून विकतात, ती पाण्यात तरंगत ठेवली की अळ्या मरतात, झाडाला आणि माशांना काही होत नाही. आपल्याकडे गप्पी मासे सोडतात तसे इथेही बंद टबात काही लोक सोडतात, पण ते ओढ्यात किंवा किनाऱ्याजवळच्या नैसर्गिक डबक्यात कधीही ओतू नका, तिथे इथलीच मूळची छोटी कोळंबी असते तिचा गप्पी फडशा पाडतात. सगळ्यात सोपं म्हणजे पाणी दिसूच द्यायचं नाही, टब खडीने काठोकाठ भरा, पाणी खडीच्या आत राहतं, झाडाला तेवढं पुरतं.

नर्सरीत मला 'नेटिव्ह सायपेरस' म्हणून दिलं ते हेच असेल का?

असेलच असं नाही. हवाईत सायपेरसचे बरेच मूळचे प्रकार आहेत, नर्सरीत मुख्यतः तीन भेटतात.

आहुआवा, हे उंच, कमरेपर्यंत जाणारं, पानं रुंद आणि धारदार. याच्या दांड्याच्या तंतूंनी आवा, म्हणजे कावा नावाचं पेय गाळायचे. हे फक्त हवाईचं नाही, पॅसिफिकपासून आशिया-आफ्रिकेपर्यंत आहे, आणि रोप स्वस्त मिळतं. मोठी जागा असेल तर सरळ हेच घ्या.

मकालोआ, याला पानं जवळजवळ नाहीतच, बारीक गोलसर हिरव्या काड्याच, तुरा काडीच्या टोकाला बाजूने चिकटलेला. हेही जगभर आहे, भारतातही आहे. पण याचं हवाईत जे केलं ते जगात कुठे झालं नाही, नीईहाऊ बेटावरच्या बायका या काड्यांच्या इतक्या मऊ, बारीक विणीच्या चटया करायच्या की राजघराण्यात अंगावर घ्यायला वापरत. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये अशी एक चटई आहे, 1874 मध्ये राजा कालाकाउआला दिलेली, आणि त्यात विणून विणून अख्खा अर्ज लिहिलाय, करांचं ओझं कमी करा म्हणून. सरकारदरबारी अर्ज खूप बघितले असतील पण असा कोणी आणून दिला तर कारकून फाईल कशी लावणार याचाच विचार मी करत बसते.

आणि तिसरं पुउकाआ. पानं आहेत, चिकट आहेत, उंची गुडघ्याखाली. चिकट नसेल तर पुउकाआ नाही.

या तिघांबरोबर चौथं एक हमखास गळ्यात मारतात ते म्हणजे आफ्रिकेकडचं छत्रीवालं सायपेरस, जे आपल्याकडच्या नर्सरीत अंब्रेला पाम नावाने मिळतं, पाम नसताना. दिसायला छान, पण इथल्या ओढ्यांत पसरलंय. पपायरसचंही तेच. एका मोठ्या दुकानात मी हे दोन्ही 'वॉटर गार्डन स्पेशल' म्हणून थप्पीने बघितलंय, आणि ज्याला इथे खरंच जागा हवी ते पुउकाआ मात्र वर्षातून एखाद्या नेटिव्ह प्लांट सेलला दोनचार कुंड्या. यात नर्सरीवाल्यांची फार चूक नाही म्हणा, आपण मागतच नाही.

रोप आणताना काय बघू?

टॅग बघा, चिकटपणा बघा, आणि मुंग्या बघा. लिटल फायर अँट नावाची बारीक तांबूस मुंगी कुंड्यांतूनच एका घरातून दुसऱ्या घरात जाते, एकदा अंगणात आली की पोरांना खेळता येत नाही आणि कुत्र्यांचे डोळे जातात. तपासायची पद्धत अशी, चॉपस्टिकला पीनट बटरचा अगदी पातळ थर लावायचा, कुंडीत तासभर ठेवायची, मग काठी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकायची आणि त्यावरच्या मुंग्या कोणत्या ते बघायचं. नवीन कुंडी निदान काही दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा.

नागरमोथ्यासारखं औषधी आहे का?

नागरमोथ्याचे गुण याला लावू नका. उटण्यात नको, काढ्यात नको.

दिसायला शोभेचं आहे का, खरं सांगा?

खरं सांगायचं तर एकटं लावलं तर नाही. एका कुंडीत एक ठोंब ठेवलात तर पाहुणे विचारणार, हे गवत काढायचं राहिलं का. पण सातआठ ठोंब एकत्र, खाली काळा दगड किंवा खडी, बाजूला आकुलीकुली किंवा पोहिनाहिना असं किनाऱ्यावरचं बुटकं पसरणारं काहीतरी, मागे आहुआवा, असं केलं की संध्याकाळच्या तिरक्या उन्हात तुरे सोनेरी दिसतात आणि मग तेच पाहुणे फोटो काढतात. पावसाचं पाणी मुरवायला अंगणात खोलगट जागा करतात ना, रेन गार्डन, त्यासाठी तर हे झाड बनलंय असं मला वाटतं, कारण चार महिने पाण्यात आणि नंतर कोरडं, हा त्याचा जन्माचाच रिवाज. मी तरी ज्यांच्या घरी उताराला पाणी साचतं त्यांना पहिल्यांदा हेच सुचवते. हवाईत सरकारी इमारतींच्या लँडस्केपिंगमध्ये नेटिव्ह झाडं वापरा असा कायदा आहे, तिथे पाणी वाहून जायच्या चरांमध्ये लॉन लावण्यापेक्षा हे का लावत नाहीत कळत नाही.

माझ्या अंगणात लावल्याने प्रजाती वाचते का?

थेट नाही. अंगणातले दहा ठोंब म्हणजे पाणथळ जागा नव्हे. पाणथळीत आलाए केओकेओ असतो, आपल्या वारकरी पक्ष्याचा हवाईचा भाऊबंद, तसाच काळा आणि कपाळावर पांढरा टिळा, आएओ असतो म्हणजे इथला शेकाट्या, चिखल असतो, त्यातले किडे असतात, भरती-ओहोटी असते, आटणं असतं. कैलुआजवळ कावाईनुई नावाची दलदल आहे, हवाईतली उरलेली सगळ्यात मोठी गोड्या पाण्याची, तिला 2005 मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, ती एकदा जाऊन बघा म्हणजे कुंडी आणि पाणथळ यातला फरक कळेल.

मग लावायचं कशाला? दोन कारणं माझ्या दृष्टीने खरी आहेत. एक, जे झाड कोणी पाहिलंच नाही त्याच्या जागेसाठी कोणी मीटिंगला जात नाही. आमच्या गल्लीत एका चराला काँक्रीट घालायचं ठरत होतं तेव्हा ज्या तीनचार घरांनी पत्र लिहिलं त्यातल्या दोघांकडे माझ्याकडून गेलेले ठोंब होते, योगायोग असेल, पण मला नाही वाटत. दुसरं, बागेत वाढलेलं बी हे रानातल्या बियांवरचा भार कमी करतं, शाळांना, बागांना, प्रदर्शनांना रोप हवं असेल तर रानाकडे बघायची गरज नाही.

तिसरं कारण लोक देतात ते मी धरत नाही, की अंगणातलं नेऊन रानात लावू. हे करूच नका. कुंडीबरोबर मुंग्या जातात, गोगलगायी जातात, तणाचं बी जातं. आणि अजून एक, काउआईचा पुउकाआ आणि ओआहूचा पुउकाआ हजारो वर्षं वेगवेगळे वाढलेत, त्यांची सरमिसळ करायची की नाही हे ठरवणं अभ्यासकांचं काम आहे, आपलं नाही. म्हणून मगाशी म्हटलं पाकिटावर बेटाचं नाव लिहा. दोन बेटांची झाडं असतील तर शेजारी शेजारी लावू नका, वाऱ्याने पराग उडतात यांचे. रानातली लागवड राज्याचं वनखातं आणि वनस्पती उद्यानं परवानगीने करतात, ओआहूवर लायन अर्बोरेटममध्ये नेटिव्ह झाडांच्या बियांची बँक आहे, काउआईवर नॅशनल ट्रॉपिकल बोटॅनिकल गार्डन आहे, व्हॉलंटियर म्हणून जा, तण काढायला हात कायम कमी पडतात, आणि लव्हाळा आणि गवत यातला फरक हाताने ओळखणारा मराठी माणूस तिथे फार उपयोगी पडतो.

इंडियाला महिनाभर जायचंय, कुंडीचं काय करू?

जायचं हिवाळ्यात असेल तर पाऊस बघून घेईल. उन्हाळ्यात जाणार असाल तर मोठ्या खडीवाल्या टबात कुंडी ठेवा, टब दुपारनंतर सावलीत येईल अशा जागी सरकवा, तुरे कापून टाका म्हणजे झाड बियांवर ताकद घालवणार नाही, आणि शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा टब भरायला सांगा. कुंडीतलं गवत काढू नकोस हेही त्याला सांगून जा.